आधी पुंगळी उचला

फायरिंग पॉइंटवर पिस्तूल अडलं की पुढचं वाक्य कोणतं येणार, हे फौजेत एक हिवाळा काढलेला कुणीही सांगेल. "पकड ढिली है!" अजून कुणी मॅगझिन काढलेलं नसतं, चेंबरमध्ये डोकावलेलं नसतं, वाळूत पडलेलं काडतूस उचललेलं नसतं. पण निकाल लागलेला असतो. आरोपी समोरच उभा असतो, घामाने निथळत, आणि त्याला बोलायची मुभा नसते.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. पकड कधीच ढिली नसते असं माझं म्हणणं नाही. असते, आणि कधी असते तेही पुढे सांगतो. माझं भांडण आहे ते तपासाआधी लागणाऱ्या निकालाशी. अडलेल्या फैरीचा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे ते काडतूस किंवा त्याची रिकामी पुंगळी. आणि या साक्षीदाराचं आपण काय करतो? मोजतो. एक पुंगळी कमी भरली तर अख्खी कंपनी अंधार पडेपर्यंत वाळू चाळत बसते, हे वाचताना निवृत्त मंडळींना हसू आलं असेल. हिशोब लागलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण सगळ्या पुंगळ्या मोजतो आणि वाचत एकही नाही, याबद्दल मात्र आहे.

विषय डोक्यात घोळायला लागला तो एका फोनमुळे. सध्या पोस्टिंग चेन्नईला. एनडीएतला माझा एक कोर्समेट फौज सोडून बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेत, टेक्सासमध्ये स्थायिक झाला. तिथे त्याला हँडलोडिंगचा नाद लागलाय. म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, जुना प्रायमर काढायचा, फुगलेली पुंगळी साच्यात घालून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. तिकडे हा उघड, कायदेशीर छंद आहे. तर एका रविवारी त्याचा फोन. "अरे, माझं पिस्तूल बिघडलंय. दहातल्या दोन-तीन वेळा स्लाइड पूर्ण मिटतच नाही."

मी विचारलं, आत्तापर्यंत काय केलंस? यादी लांब होती. नवी रिकॉइल स्प्रिंग टाकली. गोळी चेंबरमध्ये चढते तो उतार घासून चकचकीत केला. दोन नवी मॅगझिनं आणली. तेल बदललं. आणि हे सगळं एकाच शनिवारी! म्हणजे उद्या दोष गेला असता तरी कशाने गेला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शिवाय दोष गेलाच नव्हता.

त्याला म्हटलं, पिस्तूल रिकामं करून खोल आणि सुटी बॅरल हातात घे. तुझं एक काडतूस तिच्या चेंबरमध्ये नुसतं सोड. मग कारखान्याचं एक सोड. फरक सांग. कारखान्याचं काडतूस 'टक्' असा आवाज करून तळाला बसलं आणि बॅरल उलटी करताच आपोआप बाहेर पडलं. त्याचं स्वतःचं मात्र थोडं वर राहिलं आणि काढायला नखाने ओढावं लागलं. खटला तिथेच संपला. पिस्तूल निर्दोष सुटलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ९ बाय १९ मिलिमीटरचं काडतूस १९०२ च्या सुमाराचं, गेओर्ग लुगर यांच्या हातचं. त्याला रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारखी बाहेर आलेली कड नसते, म्हणून चेंबरमध्ये ते टेकतं पुंगळीच्या तोंडावर. पुंगळी सरळ नळीही नाही, बुडाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५ मिलिमीटर, अशी किंचित निमुळती. हँडलोडर गोळी बसवताना ती सहज आत जावी म्हणून हे तोंड आधी कर्ण्यासारखं जरासं फुलवतो. गोळी बसली की तो कर्णा परत सरळ करायचा असतो. माझ्या मित्राचा साचा अर्ध्या फेऱ्याने वर राहिला होता, त्यामुळे काही पुंगळ्यांची तोंडं किंचित फुललेलीच राहिली. माणसाच्या केसाएवढी जाडी. पण चेंबर केसाएवढीही जास्त जागा देत नाही. बिचाऱ्या स्प्रिंगने काय करावं?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हे वाचून कुणाच्या तरी डोक्यात प्रेस मागवायचा विचार येईल. आपल्याकडे हा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'अॅम्युनिशन'च्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे टेबलाला लावलेला प्रेससुद्धा कायद्याच्या भाषेत दारूगोळाच. तो बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि ९ मिलिमीटर तर सर्वसामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून हे करायचं नाही. बाग लावा, ब्रिज खेळा.

मला माझ्या मित्राच्या प्रेसचा हेवा वाटत नाही. हेवा वाटतो तो त्यानंतर त्याने घातलेल्या वहीचा. प्रत्येक पानावर एक खेप: पुंगळ्या कुठल्या, कितव्यांदा भरल्या, प्रायमर कुठला, काडतुसाची एकूण लांबी किती, किती झाडली, किती अडली, आणि अडली ती नेमकी कशी. शेवटचा रकाना सर्वांत रुंद. दीड महिन्यात तो मला सांगू लागला, की कोणता दोष कुठून येतो. आणि आपल्याकडे? रेंजच्या वहीत एक ओळ: रोक तीन, कारण फायरर. छंद म्हणून घरी बसून गोळ्या भरणारा माणूस आपल्या काडतुसांना जेवढे प्रश्न विचारतो, तेवढे आपण, ज्यांचं पोट आणि प्राण या काडतुसावर आहेत, विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा लेख त्याचा पुरावा समजा.

पुंगळी काय काय सांगते ते बघू.

पहिली गोष्ट. घोडा पडला, 'टिक' झालं, फैर नाही. पिस्तूल समोर रोखून ठरलेला वेळ थांबा, मग काडतूस काढा आणि प्रायमरवरचा ठसा बघा. ठसा उथळ असेल तर संशय शस्त्रावर: स्प्रिंग दमली असेल, फायरिंग पिनच्या मार्गात घाण असेल. ठसा खोल आणि मध्यावर असेल तर पिस्तुलाने आपलं काम केलंय, संशय काडतुसावर. आणि पहिल्या ठोक्याला न उडालेलं काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं, तर बहुतेक वेळा एकच अर्थ: प्रायमर खोबणीत पूर्ण बसलेला नव्हता. पहिल्या ठोक्याचा जोर त्याला आत ढकलण्यात गेला, दुसऱ्याने तो पेटला. हँडलोडर हे पहिल्या महिन्यात शिकतो. प्रायमर पुंगळीच्या बुडाशी समतल किंवा किंचित खाली हवा, वर नको. बोट फिरवलं तरी कळतं. यात फायररच्या पकडीचा संबंध कुठे आला?

दुसरी गोष्ट. स्लाइड पूर्ण मिटत नाही. ते माझ्या मित्राचं प्रकरण. काडतूस जाड, लांब, तोंडाशी फुललेलं. नाहीतर चेंबर घाण. नाहीतर स्प्रिंग म्हातारी. बॅरल सुटी करून काडतूस आत सोडलं की निम्मी उत्तरं मिळतात. या काडतुसाची कमाल एकूण लांबी २९.६९ मिलिमीटर धरतात. पट्टीने नाही, व्हर्नियरने मोजायची गोष्ट आहे, आणि व्हर्नियर प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो.

तिसरी गोष्ट. झाडलेली पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये चिमणीसारखी उभी अडकते. इथे, हो, पकड ढिली असू शकते. आपलं पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए हे ब्राउनिंग घराण्यातलं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं. त्यात बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं मागे जातात, मग बॅरल खाली झुकते आणि स्लाइड एकटी मागचा प्रवास पुरा करते. हा प्रवास चौकटीच्या आधाराने होतो. मनगट मोडलं तर चौकटही स्लाइडबरोबर मागे जाते आणि प्रवास तोकडा पडतो. पण काडतुसात दारू कमी असेल तरी प्रवास तोकडाच पडतो. पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजला असेल तरी पुंगळी तशीच अडकते. तीन कारणं, एकच चित्र. चित्र बघून तिघांतला एक निवडायचा असेल तर फासे टाकलेले बरे.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. 'धाड्'ऐवजी 'फुस्' असा दबका आवाज. थांबा! हात वर करा, उस्तादाला बोलवा. दारू नाही किंवा फारच कमी, आणि गोळी कदाचित बॅरलमध्येच अडकली आहे. पुढची फैर तिच्या मागे गेली तर बॅरल फुगेल किंवा फाटेल. आपण 'फौरी इलाज' इतका घोटून घेतो की हात आपोआप चालतात: मॅगझिनला थाप, स्लाइड मागे, पुढची फैर. लढाईत तो प्राण वाचवतो. या आवाजानंतर तोच हात घालवू शकतो. म्हणून फौरी इलाज शिकवताना कानही शिकवा. गप्प हाताला आवाज ओळखता यायला हवा.

पाचवी गोष्ट हँडलोडिंगच्या जगातली, पण आपल्या रोजच्या ड्युटीला लागू. गोळी पुंगळीत नुसत्या पकडीवर बसलेली असते. तेच काडतूस चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा चढवलं-उतरवलं, तर दर वेळी गोळीचं नाक उतारावर आपटतं आणि ती कणाकणाने आत सरकते. पुंगळीतली जागा कमी होते, आणि तेवढ्याच दारूचा दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. आता आठवा, ज्यांना भरलेलं पिस्तूल बाळगावं लागतं ते रोज काय करतात. ड्युटी सुरू, भरलं. ड्युटी संपली, रिकामं केलं. मॅगझिनमध्ये वरचं काडतूस तेच, महिनोन् महिने. कुणी ते नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं करून उंची ताडली आहे? उपकरण लागत नाही, डोळे पुरतात. ठेंगणं दिसलं तर बाजूला काढा, आणि वरचं काडतूस फिरतं ठेवा.

कुणी म्हणेल, फौजेची काडतुसं कारखान्यात बनतात, घरच्या टेबलावर नाही. बरोबर. खडकीचा अॅम्युनिशन कारखाना १८६९ पासून उभा आहे. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना आमच्या खानदेशी मित्रांच्या घरचा अभिमान. मी सध्या ज्या राज्यात आहे तिथे निलगिरीत, अरवंकाडूला, शंभराहून जास्त वर्षं प्रणोदक बनतं. तिथल्या कामगारांच्या हातांबद्दल मला आदर आहे. पण लाखांनी वस्तू बनते तेव्हा त्यात सदोष निघणारच, जगातल्या कुठल्याही कारखान्यात निघतात. म्हणूनच तर पेटीवर लॉट नंबर असतो आणि पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण आणि साल असतं. खडकीचं 'केएफ' सगळ्यांनी पाहिलं असेल. हे आकडे शोभेसाठी नाहीत. 'माझ्यात खोट निघाली तर माझी भावंडं कुठे आहेत ते शोधा' असं काडतूस सांगत असतं. लॉट नंबर न लिहिता आपण फक्त 'फायरर' लिहितो, तेव्हा त्या भावंडांचा पत्ता आपणच फाडून टाकतो.

आणि माणसाला आधी दोष देण्याची किंमत इतिहासात मोजली गेली आहे. १९६५ ते ६७ मध्ये व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकी जवानांच्या नव्या एम-१६ रायफली ऐन चकमकीत अडत होत्या. पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसायची. निकाल तयार होता: जवान रायफल साफ ठेवत नाहीत. प्रत्यक्षात त्यांना साफसफाईचे किटच पुरेसे दिलेले नव्हते, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि ज्या दारूवर रायफल बेतली होती ती बदलून दुसऱ्या जातीची दारू काडतुसात भरली जात होती. तिने रायफलीचा वेगही वाढवला आणि काजळीही. १९६७ मध्ये रिचर्ड इचोर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय उपसमितीने चौकशी करून ठपका ठेवला तो व्यवस्थेवर. मग मुलामा आला, किट आले, दुरुस्त्या झाल्या. तोवर जे अडलेल्या रायफलीशेजारी मेले, त्यांच्या नावावर 'साफसफाईत हलगर्जी' हा शेरा काही काळ तरी होताच.

आपल्या मातीतलं उदाहरण याहून जुनं. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. ऋतूबरोबर येणारा दोष म्हणून त्याला नावही पडलं 'सीझन क्रॅकिंग', जणू गुन्हेगार मोसमच. मोसमाला अटक करता येत नाही, त्यामुळे प्रकरण मिटवायला नाव सोयीचं. पण कुणीतरी चिकाटीने विचारत राहिलं, की तडे घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांनाच का जातात? १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कोडं सोडवलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पुंगळी ठोकून घडवताना पितळात राहिलेला ताण, हे तिघं एकत्र आले की पितळ फुटतं. उपाय सोपा निघाला: पुंगळी हलकी तापवून ताण घालवा आणि अमोनियापासून दूर ठेवा. पावसाला दोष देत बसले असते तर आजही तडे मोजत बसलो असतो.

हे फक्त इतिहास म्हणून सांगत नाही. आपल्या बराकीत अमोनिया आजही नांदतो, ब्रासोच्या डब्यात. बक्कल चमकवा, बिल्ले चमकवा. काडतुसाला ब्रासो कधीच लावू नका. चमकणारं काडतूस इन्स्पेक्शनला छान दिसतं, इतकाच त्याचा फायदा. आणि चेन्नईसारख्या ठिकाणी आणखी एक. इथली हवा समुद्राची, खारट, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येच्या पावसात तर भिंतींनाही घाम फुटतो. चामड्याच्या पाऊचमध्ये आठवडे ठेवलेल्या काडतुसांवर हिरवा थर धरतो. तो चेंबरमध्ये गेला की स्लाइड मिटत नाही, आणि ओरडा पुन्हा पकडीच्या नावाने. काडतुसं पेटीत ठेवा, पाऊचमध्ये नाही. आणि पिस्तुलाला तेलाने आंघोळ घालू नका. जास्तीचं तेल काडतुसापर्यंत पोचतं, आणि प्रायमरला तेल म्हणजे निखाऱ्याला पाणी.

दोष कुणाचा हा वाद वरच्या पातळीवरही होतो. सप्टेंबर २०२० मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाच्या बातम्या आल्या: सहा वर्षांत ९६० कोटी रुपयांचा सदोष दारूगोळा वाया गेला, अपघातांत २७ जणांचा बळी गेला आणि १५९ जखमी झाले. तेव्हाच्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाने ते नाकारलं आणि साठवण, तोफांची देखभाल, फायरिंगच्या पद्धती अशी दुसरी कारणं पुढे केली. १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया, तिचं मुख्यालय पुण्यात. त्या वादात कोण किती खरं, हे ठरवायची ही जागा नाही. मला दिसतं ते एवढंच, की असा वाद फक्त पुराव्याने मिटतो. लॉट नंबर, जपून ठेवलेलं न उडालेलं काडतूस, वेळ, हवामान, कितवी फैर. हा पुरावा दिल्लीत तयार होत नाही. तो रेंजवर तयार होतो, नाहीतर रेंजवरच वाळूत मिसळतो.

एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, जागा सांगत नाही. एका केडरमध्ये पिस्तूल फायरिंग चाललं होतं. सांगली भागातला एक नायक, शांत, खांदे पहिलवानाचे. त्याच्या तीन फैरी अडल्या. तीन वेळा तेच वाक्य आलं. वहीत शेरा गेला, आणि त्या शेऱ्याचा अर्थ होता पुढच्या प्रमोशनसाठी आणखी वाट बघणं. मी तिथे दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, माझा हात ढिला नाय. पण म्हणू कुणाला?" न उडालेली काडतुसं डब्यात होती. प्रायमरवर ठसे खोल, अगदी मध्यावर. त्यांतली दोन त्याच पिस्तुलातून पुन्हा झाडली, दोन्ही उडाली. पेटीतली बाकीची काडतुसं टेबलावर ओळीने उभी करून प्रायमरवरून बोट फिरवलं. काही उंच लागले. दुसऱ्या लॉटची दहा काडतुसं त्याला दिली. एकही अडली नाही. शेरा खोडला गेला, लॉट बाजूला काढला गेला, रीतसर कळवलं गेलं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम.

त्याला न्याय मिळाला, छान. पण त्याच पेटीतून त्याच सकाळी त्याच्या आधी ज्यांनी झाडलं, त्यांच्या शेऱ्यांचं काय झालं हे मला माहीत नाही. त्यांच्या पुंगळ्या केव्हाच पोत्यात गेल्या होत्या. मोजून.

आता आक्षेप. पहिला: "वेळ कुठे आहे? शंभर जणांचं फायरिंग संपवायचंय." वेळ आहे. अडलेलं काडतूस एका डब्यात टाकून चिठ्ठीवर चार आकडे लिहायला एक मिनिट लागतं. हरवलेली पुंगळी शोधायला आपण तीन तास देतो.

दुसरा: "गोळ्या मोजून मिळतात, चाचणीला कुठून आणायच्या?" चाचणीला दहा-वीस लागतात. नापास झालेल्याला पुन्हा फायरिंग करायला लावण्यात त्याहून जास्त जातात, आणि ज्याचा आपल्या शस्त्रावरचा विश्वास उडाला त्याची भरपाई कोणत्याच गोळ्यांनी होत नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार: "जवानाला एकदा कारण मिळालं की तो प्रत्येक चुकलेली गोळी काडतुसाच्या माथी मारेल." म्हणूनच तर पद्धत हवी. पद्धत ढिल्या पकडीलाही सोडत नाही. गोष्टी चार आहेत: हात, पिस्तूल, मॅगझिन, लॉट. एका वेळी एकच बदला. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तोच लॉट एका जाणत्या उस्तादाच्या हातात द्या, दहा फैरी. अडलं नाही? मग पकडीबद्दल बोला, आणि बिनधास्त बोला, कारण आता ते बोलणं खरं आहे. त्याच्याही हातात अडलं? मग फक्त लॉट बदला. तरी अडलं? फक्त मॅगझिन बदला. मॅगझिनांवर रंगाने नंबर टाकलेले असू देत. शेवटी पिस्तूल आर्मररकडे, सोबत चिठ्ठी. ज्या जवानाला माहीत आहे की चौकशी होणार, तो उगाच काडतुसाच्या माथी मारणार नाही. आणि ज्याला माहीत आहे की चौकशी होणारच नाही, तो एक दिवस बोलणंच सोडून देईल. दुसरा माणूस पहिल्यापेक्षा धोकादायक. उद्या 'फुस्' आवाज आला तरी तो गप्प राहील, कारण उत्तर त्याला पाठ आहे.

नेमबाजीच्या खेळात हे सगळं जुनं झालंय. पॉइंट टू टू चं काडतूस घरी भरता येत नाही, तरी मोठे नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्याच बॅरलमधून झाडून बघतात आणि जो जुळेल तोच स्पर्धेसाठी घेतात. तिथे पणाला पदक असतं. आपल्याकडे काय असतं, ते सांगायला नको.

निवृत्त सुभेदार साहेबांना, उस्तादांना एक विनंती. तुमच्या पिढीने थ्री नॉट थ्रीच्या बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतलंय, कारण त्या काळच्या प्रायमरचं मीठ लोखंड खातं हे कुणीतरी शोधून तुम्हाला शिकवलं होतं. नुसतं 'जवान आळशी, म्हणून गंज' म्हणून ते थांबले नव्हते. तीच सवय पुढच्या पोरांना द्या. तुमच्या तोंडचं एक वाक्य आमच्या दहा परिपत्रकांना भारी पडतं.

तर पुढच्या वेळी पिस्तूल अडेल तेव्हा जिभेवर आलेलं वाक्य तिथेच धरा. थांबायचा तेवढा वेळ थांबा. मग खाली वाका, पुंगळी उचला, ठसा बघा, बुडावरचं साल वाचा, लॉट लिहा. त्यानंतरही पकडच ढिली निघाली तर जरूर ओरडा. तेवढा हक्क तुम्ही कमावलेला असेल.

जय हिंद.